उरलेला डबा

वडिलांचा सागवानी झोपाळा मी माझ्याच हातांनी बिघडवला. कारण एवढंच, की आदल्या दिवाळीत उरलेलं पीयू पॉलिश फुकट जाऊ नये. श्रावणातला रविवार होता, बाहेर झड लागली होती. माळ्यावरचा डबा काढला, हार्डनर मिसळला आणि पाटावर ब्रश फिरवला. संध्याकाळी पाटावर बारीक बुडबुडे आले. चार दिवसांनीही बोटं चिकटत होती.

आमच्या पॉलिशवाल्या मिस्त्रींनी पाटाकडे पाहिलंसुद्धा नाही. हार्डनरची बाटली उजेडात धरली. आत सगळं गढूळ. ‘‘दादा, हा कधीच मेलाय,’’ ते म्हणाले.

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. जर्मनीत ऑटो बायर आणि सहकाऱ्यांनी १९३७मध्ये हे रसायन तयार केलं. लाखेचं पॉलिश स्पिरिट उडून गेलं की सुकतं. दोन डब्यांच्या पीयूचं तसं नाही. एका डब्यातलं रेझिन आणि हार्डनरमधलं आयसोसायनेट यांची रासायनिक गाठ पडते, म्हणून लेप टणक होतो. दोन्ही मिसळल्यावर ते काही तासांतच संपवावं लागतं. डब्यात घट्ट झालेलं पीयू थिनर ओतून पुन्हा कामाचं होत नाही.

हार्डनरचा खरा वैरी म्हणजे हवेतला ओलावा. झाकण नीट न लावलेल्या बाटलीत बाष्प शिरतं आणि आयसोसायनेट त्याच्याशीच गाठ बांधतं. मग रेझिनला जोडीदार उरत नाही आणि लेप चिकट राहतो. या क्रियेत कार्बन डायऑक्साइड सुटतो. ओल्या हवेत लावलेल्या लेपावर त्याचेच बुडबुडे दिसतात. बंद बाटली फुगलेली दिसली, तर जोर लावून उघडू नका.

एका डब्याच्या, तेलावर आधारलेल्या युरेथेन वार्निशची गोष्ट वेगळी. ते हवेतल्या प्राणवायूने वाळतं, म्हणून डब्यात वर साय धरते. साय पातळ असेल, तर ती काढून खालचं गाळून वापरता येतं. जेलीसारखं झालं असेल, तर मात्र मोह सोडावा.

आणखी एक. आयसोसायनेटच्या वाफांनी दमा जडू शकतो. फवारा मारणाऱ्या कारागिराला नाकावर नुसता रुमाल पुरत नाही. त्यासाठी योग्य मास्क हवा आणि तो आपण आणून द्यावा.

मिस्त्रींनी तीन दिवस पॉलिशपेपर घासून माझा लेप उतरवला. त्याबरोबर वडिलांच्या पानाच्या डब्याने पाटावर पडलेलं वर्तुळही गेलं. ते आता कोणत्याच पॉलिशने परत येणार नाही.

तेव्हा जुना डबा उघडलात, तर आधी तारीख पाहा, हार्डनर स्वच्छ आहे का ते पाहा. मग त्याच लाकडाच्या तुकड्यावर एक हात मारा आणि दुसऱ्या दिवशी नखाने दाबून बघा. ठसा उमटला, तर डबा टाकून द्या. झोपाळ्याला हात लावू नका.