विजापूरला मुक्कामी जा

(आकाशवाणीवरील भाषण)



दिवाळीची सुट्टी जवळ आली की सहलींच्या जाहिरातींना ऊत येतो. पाच दिवसांत सात ठिकाणे, चार रात्री आणि तीन शहरे, असे त्यांचे बोलणे असते. हल्ली त्यांत थायलंड, व्हिएतनाम, मलेशिया ही नावे सर्रास दिसतात आणि सोलापूरचे मध्यमवर्गीय कुटुंबही त्यांचा हिशेब मांडू लागले आहे. यात वावगे काही नाही. थायलंडमधली अयुथ्थया ही जुनी राजधानी घ्या. चौदाव्या शतकाच्या मध्याला वसलेले हे शहर १७६७ मध्ये ब्रह्मदेशच्या सैन्याने उद्ध्वस्त केले. १९९१ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. बँकॉकपासून ते सुमारे ऐंशी किलोमीटरवर, म्हणून बहुतेक प्रवासी सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतात. थोडे मात्र तिथेच मुक्काम टाकतात, भाड्याची सायकल घेतात आणि दोन-तीन दिवस त्या भग्न मठ-मंदिरांतून हिंडतात. कमी पैशांत शहर खऱ्या अर्थाने पाहिले ते या थोड्यांनीच. तशीच एक उजाड राजधानी आपल्यापासून शंभर किलोमीटरवर आहे आणि तिच्याशी आपण त्या घाईच्या बहुसंख्यांसारखे वागतो. ती राजधानी म्हणजे विजापूर. सरकारी दप्तरात २०१४ पासून ते विजयपुर झाले असले, तरी आपल्या तोंडी विजापूरच आहे. तिथे तीन-चार दिवस मुक्काम करावा, आणि स्वस्त व सावकाश प्रवासाचा श्रीगणेशा सोलापूरकराने तिथूनच करावा, एवढेच मला आज सांगायचे आहे.

आधी पैशाचे बोलू. सहलीत खर्च कशावर होतो, हे कागदावर मांडून पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. माणूस एका जागी असताना जेवढा खर्च करतो, त्याहून किती तरी जास्त खर्च जागा बदलताना होतो. विमानाचे तिकीट, गाडीचे भाडे, रोज नवे हॉटेल, घाईत मिळेल तिथे आणि मिळेल त्या भावाने घेतलेले जेवण, हे सगळे धावपळीचे मोल आहे. मुक्काम एकाच ठिकाणी ठेवला की यातले बरेचसे आपोआप गळून पडते. विजापूरच्या बाबतीत तर जाण्यायेण्याचा खर्च नगण्यच. होटगीवरून गदगकडे जाणारा लोहमार्ग आहे, रेल्वेने दोन-अडीच तासांत पोहोचता येते. एसटी आणि कर्नाटकची बसही आहे. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या इमारतींना भारतीयांसाठी तिकीट नाममात्र असते आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना ते लागतही नाही. राहतो तो लॉजचा आणि जेवणाचा खर्च. चार माणसांच्या कुटुंबाने दूरच्या सहलीत नुसत्या प्रवासावर जे पैसे घालवले असते, त्यात इथला सगळा मुक्काम भागतो. स्वस्तपणा इथे काटकसरीतून येत नाही, सावकाशीतून येतो.

पण स्वस्त आहे म्हणून कुठेही चार दिवस काढावेत, असे कोणी म्हणणार नाही. तिथे चार दिवस पुरण्याइतके काही हवे. आपल्याकडची नेहमीची रीत अशी की सकाळी निघायचे, गोलगुंबज चढायचा, घुमटाखालच्या सज्जात टाळी वाजवून तिचे प्रतिध्वनी मोजायचे, वेळ उरला तर इब्राहिम रोजा आणि मुलुखमैदान तोफ, आणि जेवायला घरी. या धावत्या भेटीत विजापूर म्हणजे एक प्रचंड घुमट, एवढीच नोंद मनात राहते. खरे तर या शहराची गंमत एका इमारतीत नाही, इमारतींच्या क्रमात आहे. १५८० मध्ये मारला गेलेला पहिला अली आदिलशाह एका साध्या, जवळजवळ अनलंकृत कबरीत आहे. तालिकोटच्या लढाईत विजयनगर मोडणाऱ्या आघाडीतला हा सुलतान, पण कबरीवर डौल नाही. त्याच्यामागून आलेल्या दुसऱ्या इब्राहिमने १६२७ पर्यंत राज्य केले. त्याचा रोजा म्हणजे मलिक संदल या वास्तुकाराच्या देखरेखीखाली झालेले नाजूक काम: एका जोत्यावर समोरासमोर मकबरा आणि मशीद, मध्ये हौद, आणि भिंतींवर अक्षरांची कोरीव वेलबुट्टी. पुढचा मुहम्मद आदिलशाह. त्याचा गोलगुंबज १६५६ च्या सुमारास उभा राहिला. बाहेरून सुमारे चव्वेचाळीस मीटर व्यासाचा घुमट, आणि खाली आधाराला एकही खांब नाही, एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी तो भार भिंतींवर उतरवला आहे. त्यानंतर दुसरा अली. बापापेक्षा मोठे काही बांधायच्या ईर्ष्येने त्याने घातलेला घाट कमानींवरच थांबला; तेच बारा कमान. त्याच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी, १६८६ मध्ये, औरंगजेबाने विजापूर घेतले आणि राज्य संपले. साधी, नाजूक, अफाट आणि अर्धवट अशा या चार कबरी ओळीने पाहिल्या की शंभर वर्षांच्या सत्तेचा चढउतार पुस्तकाशिवाय कळतो. पण त्यासाठी एक कबर पाहून झाल्यावर दुसरीकडे जाण्याआधी मन रिकामे व्हावे लागते. दुपारी दोनच्या आत चारही उरकल्या तर सगळेच दगड सारखे दिसतात.

दुसरा विषय पाण्याचा, आणि तो सोलापूरकराला कोणी वेगळा समजावून सांगायला नको. नळाला रोज पाणी येत नाही, अशा शहरात राहणाऱ्याने विजापूरच्या कोरड्या माळावर ही राजधानी दोनशे वर्षे जगली कशी, हा प्रश्न जरूर विचारावा. उत्तर शहरभर विखुरलेले आहे. पश्चिमेकडच्या तोरवीहून जमिनीखालच्या पाटाने पाणी आणले होते. दक्षिणेला १६५१ चा बेगम तलाव आहे. तिथून मातीच्या नळांनी पाणी शहरात येई. वाटेत ठिकठिकाणी चौकोनी बुरजासारखे मनोरे उभे आहेत, त्यांना गंज म्हणतात. पाण्याचा दाब सांभाळणे आणि गाळ खाली बसवणे, हे त्यांचे काम. औरंगाबादची नहर पाहिलेल्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल. शिवाय ताज बावडी, चांद बावडी यांसारख्या पायऱ्यांच्या विहिरी आहेत. ताज बावडी १६२० च्या सुमाराची, इब्राहिमच्या ताज सुलताना या राणीच्या नावाची. हे जाळे पाहायचे तर एक अख्खी सकाळ पायी किंवा टांग्याने हिंडावे लागते. तलाव, गंज आणि विहीर यांचा एकमेकांशी संबंध जोडावा लागतो. मुलांना भूगोल आणि इतिहास एकाच वेळी शिकवणारा असा धडा आसपास दुसरा नाही, आणि तो कोणत्याही पॅकेजमध्ये बसत नाही.

तिसरी गोष्ट नात्याची. सोलापूरचा भुईकोट पाहताना आपण तो आपला म्हणून पाहतो, पण त्याचे भवितव्य विजापूर आणि अहमदनगर यांच्या दरबारांत ठरत होते. १५२४ च्या सुमारास आदिलशाही घराण्यातली मरियम बुऱ्हाण निजामशाहाला दिली. त्या लग्नात सोलापूर आणि साडेपाच परगणे हुंडा म्हणून कबूल झाल्याचा निजामशाहीचा दावा होता. ते हाती आले नाहीत म्हणून पुढची चाळीस वर्षे दोन्ही राज्ये भांडत राहिली. अखेर तालिकोटच्या लढाईच्या तोंडावर निजामशाही राजकन्या चांदबिबी पहिल्या अलीला दिली गेली, आणि तिच्याबरोबर सोलापूरही. मुलुखमैदान तोफेचेही तसेच आहे. १५४९ मध्ये ती अहमदनगरात ओतली गेली, आपल्या शेजारच्या परांड्याच्या किल्ल्यात राहिली आणि तिथून विजापूरला गेली. वजन सुमारे पंचावन्न टन. ही नाती केवळ राजांची नाहीत. संक्रांतीला सिद्धेश्वराची जत्रा आपल्याकडे भरते तशी विजापुरातही भरते. ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी भीमा ओलांडल्यावर चव बदलत नाही. बाजारात कन्नड, मराठी आणि दखनी एकाच दुकानात ऐकू येतात, आणि सोलापूरकराचा कान या सरमिसळीला मुळातच तयार असतो. परक्या शहरात सावकाश राहण्याची पहिली अडचण असते ती भाषेची आणि जेवणाची. इथे ती अडचण नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप अनेकांच्या मनात असतो, पण तोंडावर येत नाही: आदिलशाही ही तर स्वराज्याची वैरी, अफजलखान तिथलाच, त्यांच्या कबरी चार दिवस का पाहायच्या? या भावनेची टिंगल करणे बरे नव्हे. पण उत्तर इतिहासातच आहे. शहाजीराजे याच दरबाराचे मातब्बर सरदार होते. पहिल्या इब्राहिमच्या काळात महसुलाचे हिशेब फार्सीऐवजी देशी भाषेत आले आणि ते लिहिणारा कारकूनवर्ग तयार झाला. राज्यकारभार करू शकणारी माणसे महाराष्ट्राला मिळाली त्यांत याचा वाटा आहे. दुसऱ्या इब्राहिमच्या किताब-ए-नौरस या दखनी गीतसंग्रहात सरस्वतीची आणि गणपतीची स्तुती आहे. म्हणजे वैर आणि देवघेव दोन्ही खरी. बेगम तलावावरच्या शिलालेखात जे नाव येते तेही अफजलखानाचेच. शत्रू किती श्रीमंत होता, किती बांधत होता, त्याची मुळे किती खोल होती, हे गोलगुंबजाच्या सावलीत उभे राहिल्यावर समजते. आणि मग जावळीच्या खोऱ्यातून त्याला आव्हान देणाऱ्या तरुण राजाचे मोठेपण पोवाड्याबाहेरही मोजता येते. प्रतापगड पाहिला आणि विजापूर पाहिले नाही, तर ती गोष्ट अर्धीच कळते.

दुसरा आक्षेप सोयींचा. ऊन फार, रस्त्यांवर धूळ, काही इमारतींभोवती दाट वस्ती आणि कचरा, मुलांना कंटाळा. यातले बरेचसे खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मार्च ते मे या दिवसांत तिथे जाऊच नये; नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. मात्र उन्हावरचा उपायही सावकाशीतच आहे. ज्याला एकाच दिवसात सगळे उरकायचे असते, त्यालाच भर दुपारी तापलेल्या फरशीवरून चालावे लागते. मुक्कामी माणूस सकाळी लवकर बाहेर पडतो, दुपारी खोलीवर आडवा होतो आणि उन्हे कलल्यावर पुन्हा निघतो. गोलगुंबजाच्या सज्जात कुजबुज पलीकडे पोहोचते ती गर्दी येण्याआधीच. नंतर नुसता कल्ला. मुलांचा कंटाळासुद्धा बहुधा थकव्यातून आलेला असतो. रोज एकच मोठी इमारत आणि एक छोटी, एवढेच ठेवले तर मुलेच प्रश्न विचारू लागतात. कचऱ्याबद्दल इतकेच म्हणेन की तासाभरात निघून जाणाऱ्या पाहुण्यासाठी कोणतेही गाव सुधारत नाही. त्याचे पैसे तिकीटखिडकीपाशी आणि हमरस्त्यावरच्या हॉटेलात संपतात. तीन दिवस राहणाऱ्याचे पैसे टांगेवाल्याकडे, खानावळीत, फळवाल्याकडे जातात, आणि जुनी वास्तू आपल्या पोटापाण्याशी जोडलेली आहे असे शेजारच्या वस्तीला वाटू लागते. दख्खनच्या सुलतानशाहीतल्या वास्तूंचा जो गट २०१४ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेला, त्यात विजापूर आहे. पण नुसत्या यादीने वास्तू जपल्या जात नाहीत. तिथे राहणाऱ्यांना त्या हव्याशा वाटाव्या लागतात.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. सावकाश प्रवास ही सवड असलेल्यांची चैन आहे. यंत्रमागावर काम करणाऱ्याला, विड्या वळणाऱ्या बाईला चार दिवसांची रजा कोण देणार? खाडा पडला की मजुरी बुडते. हा आक्षेप मला मान्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. सावकाश प्रवास श्रीमंतांनी शोधून काढलेला नाही. महाराष्ट्रातला सर्वांत सावकाश आणि सर्वांत कमी खर्चाचा प्रवास दर आषाढीला आपल्याच जिल्ह्यात येऊन थांबतो. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर गाडीने पाच-सहा तासांचे. वारकरी त्याला जवळजवळ तीन आठवडे देतो, आणि वारकऱ्यांत शेतकरी आणि मजूरच जास्त. तेही मजुरी बुडवूनच चालतात. वेळ कशासाठी काढायचा, हे त्यांनी ठरवलेले असते. तरीही ज्याला खरोखरच रजा मिळत नाही त्याला वारीचा दाखला देऊन गप्प करणे अन्यायाचे होईल. त्याच्यासाठी विजापूरचे जवळ असणे उपयोगाचे आहे. अयुथ्थयाला पुन्हा पुन्हा जाता येत नाही, विजापूरला येते. एका सुट्टीत फक्त कबरी, पुढच्या हिवाळ्यात फक्त पाणी, त्यानंतर तटबंदी, तोफा आणि गगनमहाल. दर वेळी एकच विषय, आणि संध्याकाळच्या गाडीने परत. असे हप्त्याहप्त्याने पाहणे हाही सावकाश प्रवासच, कारण सावकाशी दिवसांच्या संख्येवर ठरत नाही. एका वेळी किती कमी पाहायचे ठरवले, यावर ठरते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. शाळांनी वार्षिक सहलीत पाच गावे कोंबण्याऐवजी विजापूरचा एकच विषय घ्यावा आणि मुलांकडून त्याचा नकाशा करून घ्यावा. ज्यांना रजा काढता येते त्यांनी येत्या हिवाळ्यात तीन रात्रींचा मुक्काम ठरवावा. आणि ज्यांना बँकॉकला जायचे आहे त्यांनीही खुशाल जावे, पण आधी हे करून जावे. जवळच्या राजधानीत चार दिवस रमता आले, तर दूरच्या राजधानीत काय पाहायचे आणि काय सोडायचे, हे जाहिरातीला विचारावे लागणार नाही.