आकाशातून पडले, पण आले कोठून?

सन २०२२ च्या गुढीपाडव्याला, म्हणजे २ एप्रिलच्या रात्री, विदर्भातील पुष्कळ लोकांनी आकाशातून जळत जाणाऱ्या निखाऱ्यांची एक रांग पाहिली. कोणी म्हणाले उल्कापात, कोणी म्हणाले विमान पेटले. पुढे चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावी, सुमारे ३ मीटर व्यासाचे धातूचे कडे पडलेले आढळले. आसपासच्या शिवारांत धातूचे गोलही सापडले. जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञाने असे मत दिले की, फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने सोडलेल्या एका अग्निबाणाचा तिसरा टप्पा त्या रात्री खाली आला. म्हणजे जी वस्तू आकाशातून पडली, ती मुळात पृथ्वीवरूनच वर गेली होती!

हे कडे मी आज एवढ्यासाठी आठवतो की, माझा विषयही अशाच एका शंकेचा आहे. जीवसृष्टी ज्या द्रव्यांची घडली, ती द्रव्ये अंतराळातून पृथ्वीवर आली काय? मी विज्ञानाचा पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि उभा जन्म मुलांना शिकविण्यात घालविलेला एक मास्तर आहे. तथापि, एवढे मला निश्चित वाटते की, या प्रश्नाचा सारा भार ‘पडले कोठून’ यावर नसून ‘आले कोठून’ यावर आहे.

प्रथम एका शब्दाचा उलगडा करू. कर्बाच्या अणूंभोवती हायड्रोजन, प्राणवायू, नत्र इत्यादींचे अणू जोडले जाऊन जे असंख्य रेणू बनतात, त्यांना आपण ‘सेंद्रिय’ म्हणतो. सेंद्रिय म्हणजे इंद्रियांसहित. हे नाव पडले, कारण असे पदार्थ सजीवांच्या शरीरातच बनू शकतात, अशी एके काळी विद्वानांची समजूत होती. १८२८ साली व्होलर या जर्मन रसायनज्ञाने मूत्रात सापडणारा युरिया प्रयोगशाळेत, कोणत्याही प्राण्याच्या साहाय्यावाचून तयार केला आणि त्या समजुतीचा पाया खचला. नाव मात्र राहिले, आणि त्या नावाने आजही गोंधळ होतो. ‘अशनीत सेंद्रिय द्रव्ये सापडली’ असे वृत्त छापून आले की, वाचणारा समजतो, आकाशात जीव सापडला!

आमच्या घुग्घुस-बल्लारपूरकडील खाणींचा दगडी कोळसा काळा आहे. त्यातील कर्ब खरोखरच सजीवांचा आहे. २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या अरण्यांचे ते अवशेष होत. काही अशनीही असेच काळे असतात आणि त्यांतही कर्ब असतो. परंतु तो कोणत्याही झाडापानाचा नव्हे. सूर्यमाला घडत असताना, सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वी, धूळ, बर्फ आणि वायू यांच्या रसायनक्रियेतून तो तेथे साठला. दोन्ही काळे, दोन्ही सेंद्रिय. पण एकाच्या वंशावळीत जीव आहे, दुसऱ्याच्या नाही.

प्रत्येक अशनीत हे द्रव्य असते असेही नव्हे. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात काटोल येथे अशनींचा वर्षाव झाला. ते दगड आपल्या मूळ पिंडात असताना प्रखर उष्णतेत भाजून निघालेले होते. अशा दगडात नाजूक रेणू टिकत नाहीत. याउलट ६ जून २०१७ रोजी जयपूरजवळ मुकुंदपुरा येथे पडलेला अशनी कर्बयुक्त जातीचा होता. ही जात दुर्मिळ.

आता मुख्य प्रश्न. अशनीत सापडलेले रेणू अंतराळातलेच, जमिनीवर पडल्यानंतर आपल्या मातीतून किंवा आपल्या हातांवरून शिरलेले नव्हेत, हे ओळखावे कसे? याची एक सुंदर कसोटी आहे. अमिनो आम्लांचे रेणू, ज्यांपासून प्रथिने बनतात, बहुधा दोन रूपांत असतात. डावा हात आणि उजवा हात यांची घडण एकच, पण डाव्या हाताचा मोजा उजव्यात नीट बसत नाही, तसेच हे. सजीवांची प्रथिने जवळजवळ सर्वस्वी डाव्या रूपाची असतात. निर्जीव रसायनक्रिया मात्र असा पक्षपात करीत नाही. ती दोन्ही रूपे सारखीच निर्माण करते. २८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे जो अशनी पडला, त्यातील अमिनो आम्लांत पुढील वर्षी डावी-उजवी रूपे जवळजवळ समसमान आढळली. शिवाय पृथ्वीवरील प्रथिनांत नसणारी काही आम्लेही त्यात होती. पाहुणा परगावचा आहे, हे त्याच्या बोलीवरूनच उघड झाले!

तरीही अशनी जमिनीवर पडतो तो पडतोच. संशयाला जागा राहते. म्हणून शास्त्रज्ञ स्वतःच वर गेले. बेन्नू नावाच्या लघुग्रहावरून अमेरिकेच्या यानाने आणलेली सुमारे १२१ ग्रॅम माती २४ सप्टेंबर २०२३ रोजी पृथ्वीवर उतरली, आणि हवेचा स्पर्श होऊ नये म्हणून ती नत्रवायूत जपण्यात आली. जानेवारी २०२५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जीवसृष्टी वापरते त्या २० अमिनो आम्लांपैकी १४ त्या मातीत होती. आनुवंशिकतेची लिपी ज्या पाच अक्षरांनी लिहिली जाते, ती पाचही होती. आणि डावे-उजवे प्रमाण येथेही जवळपास सारखेच होते. जीव मात्र नव्हता. सामग्री होती, घर नव्हते.

मग जीवच अंतराळातून आला, असे म्हणणारे कोणी नाहीत काय? आहेत. फ्रेड हॉयल व चंद्रा विक्रमसिंघे यांनी तसे प्रतिपादन केले, आणि कोल्हापुरात जन्मलेले आपले जयंत नारळीकर यांनी ते तपासून पाहण्याचे मनावर घेतले. २००१ व २००५ साली हैदराबादेहून इस्रोच्या साहाय्याने मोठे फुगे सोडण्यात आले आणि ४१ किलोमीटरपर्यंतच्या उंचीवरील हवा निर्जंतुक नळ्यांत भरून आणली गेली. तिची तपासणी हैदराबाद व पुणे येथील संस्थांत झाली. २००९ साली जिवाणूंच्या तीन नव्या जाती घोषित झाल्या. एकीला हॉयल यांचे, एकीला आर्यभटाचे आणि एकीला इस्रोचे नाव मिळाले. परंतु ते जिवाणू अंतराळातून उतरले की पृथ्वीवरून वर चढले, हे सिद्ध झाले नाही, आणि ते सिद्ध झाले नसल्याचे त्याच घोषणेत स्पष्ट सांगण्यात आले. लाडबोरीच्या कड्याचीच ही शंका! ज्याला उत्तराची ओढ आहे, त्यानेच उत्तर अपुरे आहे म्हणून सांगावे, यात नारळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांची थोरवी आहे. २० मे २०२५ रोजी नारळीकर निवर्तले. ही शिस्त आपल्याकडे ठेव म्हणून राहिली आहे.

श्रोतेहो, या ठेवीचा उपयोग आपल्यालाही आहे. कर्बयुक्त अशनी ठिसूळ असतो. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात तो पडला, तर एका पावसाळ्यात त्याचा चिखल होईल, आणि ४५६ कोटी वर्षांचा कागद कोणी न वाचताच विरघळून जाईल. तेव्हा आकाशातून काही पडलेले दिसले, तर वेळ आणि जागा टिपून ठेवावी. वस्तू धातूची असेल, तर तिला स्पर्श करू नये. आत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. दगड असेल, तर धुऊ नये, शेंदूर फासू नये, फोडून वाटून घेऊ नये. उघड्या हाताने न धरता स्वच्छ, कोरड्या वेष्टनात ठेवावा आणि तहसीलदारांमार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागास कळवावे. त्या दगडाला पहिला हात लावणारा कोणी प्राध्यापक असणार नाही. मोहफुले वेचावयास निघालेली एखादी बाई किंवा गुरे राखणारा एखादा पोरगा असेल. पुढे प्रयोगशाळेत जे काही वाचता येईल, ते त्या पहिल्या हाताने किती जपले, यावरच अवलंबून राहील.