विजयदुर्ग : बंदर, आरमार आणि एका युतीचे मोल

(व्याख्यानाचे शब्दांकन)



विजयदुर्गाचे नाव उच्चारताच डोळ्यांपुढे किल्ला उभा राहतो. ज्या बंदरासाठी तो किल्ला बांधला गेला, ते मात्र बहुधा विस्मरणात जाते. म्हणून विषयाचा आरंभ पाण्यापासून करणे उचित.

सह्याद्रीतून निघालेली वाघोटन नदी खारेपाटणवरून उतरत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांच्या सीमेवर सागराला मिळते. कोकणातील अनेक खाड्यांच्या मुखाशी वाळूचा बांध साचतो आणि ओहोटीला मोठी गलबते बाहेर अडकून पडतात. वाघोटनच्या मुखाशी असा अडथळा नाही. पश्चिमेकडे पुढे आलेला खडकाळ भूभाग पावसाळी वारा अडवतो आणि त्याच्या आडोशाला खोल, शांत पाणी मिळते. कोणत्याही ऋतूत शिरता येईल असे हे बंदर. खाडीच्या वरच्या अंगाचे खारेपाटण शिलाहारकाळापासून नांदते आहे, रट्टराजाचा इ.स. १००८ चा प्रसिद्ध ताम्रपट तेथलाच. माल खाडीने वर जाई आणि तेथून घाटमाथा गाठी.

किल्ल्याची मूळ उभारणी परंपरा शिलाहार राजा दुसरा भोज याच्याकडे देते. गिर्ये गावावरून त्याला घेरिया म्हणत. शिवाजी महाराजांनी १६५३ मध्ये तो आदिलशाहीकडून घेतला, असे मानले जाते. ते विजय नाम संवत्सर होते, म्हणून विजयदुर्ग. पुढे तिहेरी तटबंदी उभी राहिली. तटापासून काही अंतरावर समुद्राच्या पोटात जांभ्या दगडाची सुमारे १२२ मीटर लांबीची भिंत आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तिचा अभ्यास केला आहे. किल्ल्याचा अंदाज न घेता जवळ येणाऱ्या खोल तळाच्या परकी जहाजाचे काय होत असेल, हे वेगळे सांगावयास नको.

(किल्ल्यावरील 'साहेबाच्या ओट्यां'वरून लॉकियरने १८६८ च्या खग्रास ग्रहणात हेलियमचा शोध लावला, ही कथा गावात अभिमानाने सांगितली जाते. परंतु लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. विजयदुर्गाच्या कीर्तीला या उसनवारीची आवश्यकता नाही.)

कान्होजी आंग्रे यांच्या काळात या बंदराचे खरे सामर्थ्य प्रकट झाले. १७१७ मध्ये इंग्रज चालून आले आणि परतले. १७२० मध्ये तोफांचा तरता गड घेऊन पुन्हा आले, पुन्हा परतले. १७२४ मध्ये डचांनी प्रयत्न केला. तोही व्यर्थ गेला. उथळ तळाच्या गुराबा आणि गलबते खाडीत आत सरकत आणि मोठी जहाजे किल्ल्याच्या माऱ्यात उघडी पडत. जे तीन स्वाऱ्यांना जमले नाही ते पुढे १७५६ मध्ये जमले. त्याचे कारण तटबंदीत शोधून सापडणार नाही.

१७२९ मध्ये कान्होजी गेले. संभाजी आणि मानाजी या त्यांच्या पुत्रांत वितुष्ट आले, आणि १७३५ मध्ये पहिल्या बाजीरावांनी घराची वाटणी केली. एक आरमार दोन झाले. संभाजीनंतर विजयदुर्ग तुळाजींकडे आला. तुळाजी शूर, समुद्रावर अजिंक्य. परंतु पेशव्यांना न जुमानणारे आणि सावंत, अमात्य अशा स्वकीयांच्या मुलखालाही उपद्रव देणारे होते. नानासाहेबांनी त्यांचा बंदोबस्त करणे अयोग्य नव्हते. त्यासाठी मार्च १७५५ मध्ये मुंबईच्या इंग्रजांशी करार करणे, हा मात्र अक्षम्य अविचार होय.

हा वाद हल्ली जातीच्या चष्म्यातून मांडण्याची रीत पडली आहे. ती टिकणारी नाही. तुळाजींचे पहिले प्रतिस्पर्धी त्यांचे सख्खे भाऊबंद होते, आणि नंतर पेशव्यांनी आरमाराची धुरा सोपविली ती आनंदराव धुळप या मराठा सरदाराच्या हाती.

फेब्रुवारी १७५६ मध्ये अॅडमिरल वॉटसनचे आरमार विजयदुर्गासमोर आले. सोबत रॉबर्ट क्लाइव्ह होता. जमिनीवर पेशव्यांची फौज होती. तुळाजी वाटाघाटीसाठी मराठ्यांच्या छावणीत गेले होते. दि. १२ रोजी एक जळता गोळा 'रिस्टोरेशन' या जहाजावर पडला. आंग्र्यांनीच ते कंपनीकडून हिसकावून घेतले होते. एकमेकांना बांधून ठेवलेल्या गुराबांवर, तेथून गलबतांवर आग पसरली आणि संध्याकाळपर्यंत दोन पिढ्यांचे आरमार राख झाले. त्याच रात्री क्लाइव्हची तुकडी किनाऱ्यावर उतरली. उतरण्याचा हेतू, पेशव्यांच्या फौजेला किल्ल्यात पाऊल ठेवू न देणे हा होता! दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. सुमारे १० लाख रुपयांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. तशी वाटणी करण्याचे त्यांनी मुंबईतच ठरविले होते. किल्ला परत मिळण्यास ऑक्टोबर उजाडला, आणि त्याच्या बदल्यात पेशव्यांना बाणकोट द्यावे लागले. हेच वॉटसन आणि क्लाइव्ह वर्षाअखेरीस बंगालमध्ये पोहोचले. २३ जून १७५७ रोजी प्लासी झाली.

नंतर धुळपांनी विजयदुर्गाची पत राखली. एप्रिल १७८३ मध्ये त्यांनी इंग्रजांचे 'रेंजर' जहाज झुंजून पकडले. पण किनाऱ्यावरची ती एकछत्री सत्ता पुन्हा उभी राहिली नाही, आणि १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या १२ मराठा दुर्गांत विजयदुर्ग आहे. किल्ला पाहून झाल्यावर अभ्यासू मंडळींनी खाडीने सुमारे ३ किलोमीटर आत जावे. तेथे खडक फोडून केलेली आंग्र्यांची गोदी आहे. भरतीच्या पाण्याबरोबर गुराब आत घ्यायची, ओहोटीला पाणी उतरले की तोंड बंद करायचे आणि कोरड्यावर तिचा तळ दुरुस्त करायचा, अशी तेथील पद्धत होती.