लेथवरचं पाणी



पेरणी जवळ आली की माहूर-किनवट भागातल्या लेथच्या दुकानांत गर्दी होते. कुणाची ट्रॅक्टरची पिन झिजलेली असते, कुणाचा शाफ्ट तुटलेला. हे काम टणक पोलादाचं. त्यात टूलच्या टोकावर पडणारी पाण्याची धार मशीनइतकीच महत्त्वाची असते, आणि नेमकं तिच्याकडेच आपलं दुर्लक्ष होतं.

धातू कापायला लागलेली बहुतेक ताकद उष्णतेत बदलते. साधारण 600 अंश सेल्सिअसच्या पुढे एचएसएस, म्हणजे हायस्पीड स्टीलचं टूल मऊ पडून बोथट होतं. अमेरिकेतले इंजिनियर फ्रेडरिक टेलर यांनी पोलाद कापताना निघणाऱ्या किसावर पाण्याची मोठी धार सोडली, तेव्हा कापण्याचा वेग 30 ते 40 टक्के वाढवता आला. हे त्यांनी 1906 साली जाहीर मांडलं. पण नुसत्या पाण्यानं गंज चढतो आणि घर्षणही फारसं कमी होत नाही. म्हणून पाण्यात तेल मिसळून दुधासारखं कुलंट करतात.

साध्या टर्निंगला 20 भाग पाण्यात 1 भाग तेल पुरतं. टणक पोलादाला 10 भागांत 1 घ्यावं. आधी पाणी घ्यायचं आणि ढवळत ढवळत त्यात तेल सोडायचं. उलट केलं तर मिश्रण नीट जमत नाही. आपल्याकडे बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी क्षाराचं. त्या क्षारांनी कुलंट फाटतं, वर चिकट थर येतो, नळी तुंबते. साठवलेलं पावसाचं पाणी किंवा आरओचं पाणी वापरलं तर तेच कुलंट जास्त दिवस टिकतं.

प्रत्येक कामाला कुलंटच लागतं असंही नाही. टॅपनं आटे पाडताना वेग कमी आणि दाब जास्त असतो, तिथं निव्वळ कटिंग ऑइल हवं. बिडाच्या पोटात ग्राफाइट असतं, म्हणून बीड कोरडंच कापावं. कार्बाइडच्या तापलेल्या टिपेवर मधूनच पाणी शिंपडलं तर तिला तडे जातात. धार अखंड ठेवा, नाहीतर बंदच ठेवा.

2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा पाणीटंचाईच्या मुलखात दाबाच्या हवेबरोबर तेलाचे बारीक थेंब सोडण्याची पद्धत मोलाची आहे. तासाला साधारण 10 ते 100 मिलिलिटर तेलात बरंच टर्निंग आणि ड्रिलिंग होतं. मात्र त्याचा फवारा श्वासात जाऊ नये म्हणून हवा बाहेर खेचण्याची सोय हवी. ग्राइंडिंगला अजूनही भरपूर धारच लागते.

लेथवर काम करणाऱ्या माझ्या भावांना आणि आयटीआयच्या मुलांना एवढंच सांगणं आहे: कुलंटच्या टाकीवर तरंगणारं तेल रोज काढा, काम संपल्यावर हात साबणानं धुवा, आणि वापरलेलं कुलंट नाल्यात ओतू नका. ते ड्रममध्ये साठवा, असा कचरा उचलणाऱ्या परवानाधारकाकडेच द्या. त्याच नाल्याचं पाणी पुढं कुणाच्या तरी विहिरीत उतरतं.