विंग कमांडर दीपक साठे : एक स्मरण



सुवर्णमहोत्सवानिमित्त एखाद्या दिवंगत मराठी माणसाचे स्मरण आम्ही येथे करावे, अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. आम्ही निवडलेले नाव आपणांस अपरिचित नाही. विंग कमांडर दीपक वसंत साठे हे ते नाव होय. सिरुसेरीसारख्या दूरच्या ठिकाणी संसार थाटलेल्या आपण सर्वांनी त्यांचे स्मरण करण्यास एक विशेष कारण आहे. परमुलखात अडकलेल्या माणसांना घरी पोचवीत असतानाच त्यांना मृत्यू आला.

साठे यांचे घराणे नागपूरचे आणि लष्करी परंपरेचे. वडील सैन्यात अधिकारी होते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून बाहेर पडून 1981 साली ते हवाई दलात अधिकारी झाले. त्या तुकडीतील सर्वोत्कृष्ट छात्रास मिळणारी मानाची तलवार त्यांनी मिळविली. ‘गोल्डन ॲरोज’ या लढाऊ पथकात त्यांनी सेवा केली. पुढे चाचणी-वैमानिकाचे जोखमीचे कामही केले. बावीस वर्षांच्या सेवेनंतर 2003 साली त्यांनी गणवेश उतरविला आणि नागरी विमानसेवेत प्रवेश केला. दहा हजार तासांहून अधिक उड्डाणाचा अनुभव त्यांच्या गाठी होता.

7 ऑगस्ट 2020. महामारीने जगाचे दरवाजे बंद केले होते. ‘वंदे भारत’ मोहिमेतील एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान दुबईहून कोळिकोडला निघाले. त्यात 184 प्रवासी आणि 6 कर्मचारी होते. सायंकाळी साडेसातनंतर, मुसळधार पावसात, ते करीपूरच्या टेकडीवरील धावपट्टी ओलांडून सुमारे 110 फूट खाली कोसळले आणि त्याचे तुकडे झाले. साठे, त्यांचे तरुण सहवैमानिक अखिलेश कुमार आणि 19 प्रवासी अशा 21 जीवांचा अंत झाला. परिसरातील लोक पाऊस आणि संसर्गाचे भय बाजूला सारून धावले. जखमींसाठी रक्त देण्यास रात्री रुग्णालयांपाशी त्यांच्या रांगा लागल्या. त्या अनाम मल्याळी बांधवांना प्रथम वंदन करणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

अपघातानंतर चार दिवसांतच एक कथा घरोघरी पोचली. विमानाची चाके उघडत नव्हती. साठे यांनी तीन घिरट्या घालून इंधन संपविले. म्हणून आग लागली नाही आणि इतके लोक वाचले, अशी ती कथा. ती ऐकून कोणाचा ऊर भरून येणार नाही? परंतु सप्टेंबर 2021 मध्ये प्रसिद्ध झालेला अधिकृत चौकशी अहवाल निराळे सांगतो. आमची उभी हयात सरकारी कागदांत गेली असल्यामुळे अहवाल वाचताना डोळ्यांत पाणी येण्याचा प्रसंग आमच्यावर क्वचितच आला. हा अहवाल त्याला अपवाद ठरला.

अहवालानुसार उतरण्याचा पहिला प्रयत्न सोडून द्यावा लागला. कॅप्टनच्या बाजूचा काच पुसणारा वायपर बंद पडला होता. दुसऱ्या वेळी धावपट्टीच्या विरुद्ध टोकाकडून विमान उतरविण्यात आले, तेव्हा वारा पाठीमागून रेटत होता. अशा वाऱ्यात विमान लवकर टेकत नाही आणि टेकल्यावर लवकर थांबत नाही. 8858 फुटांच्या धावपट्टीची 4438 फूट लांबी मागे पडल्यावर चाके भूमीला लागली. सहवैमानिकाने पुन्हा उंची घेण्याची सूचना केली होती. ती पाळली गेली नाही, आणि त्यानेही विमानाचा ताबा घेतला नाही. आग लागली नाही हे खरे. परंतु टाक्यांतून इंधन गळत होते, अर्थात ते संपविलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाणही साठे यांच्याकडेच होते, कोळिकोडला पुरेसे कॅप्टन नव्हते, आणि तेथेच उतरण्याच्या ओढीमागे हे कारण असावे, असेही अहवाल नोंदवितो. यंत्रणेतील उणिवांनाही तो मोकळे सोडीत नाही.

मग साठे यांचे स्मरण कसे करावे? मृताविषयी वावगे बोलू नये, ही आपली रीत आहे व ती चांगलीच आहे. परंतु वावगे बोलणे निराळे आणि खरे बोलणे निराळे. एकोणचाळीस वर्षांची सेवा एका सायंकाळच्या निर्णयाने पुसली जात नाही. तसाच तो निर्णयही त्या सेवेच्या तेजाने झाकता येत नाही. चाचणी-वैमानिकाचे कामच मुळी यंत्रातील दोष निर्भयपणे लिहून ठेवण्याचे. अशा माणसाला दंतकथेचा हार घालणे हा त्याचा सन्मान नव्हे, असे आमचे नम्र मत आहे.

आणि दंतकथेत आणखी एक अन्याय आहे. तिच्यात अखिलेश कुमार यांचा आवाज ऐकूच येत नाही. 22 मे 2010 रोजी मंगळूरच्या टेकडीवर 158 माणसे दगावली, तेव्हाही सहवैमानिकाने उतरू नये असेच सुचविले होते. दहा वर्षांच्या अंतराने दोन सहवैमानिकांनी योग्य वेळी योग्य शब्द उच्चारला आणि तो शेजारच्या आसनापर्यंत पोचला नाही. हे केवळ विमानातच घडते काय? आपल्या कचेऱ्यांत, कारखान्यांत, आणि संस्कारांचा आपणांस अभिमान आहे त्या आपल्या घरांतही, वडीलधाऱ्याला ‘थांबा’ म्हणणारा धाकटा उद्धट ठरतो. आदर म्हणजे मौन, असे आपण मुलांना नकळत शिकवितो.

येथून जवळच तांबरमला हवाई दलाचे वैमानिक-प्रशिक्षक घडविणारे विद्यालय आहे. ठीक जमत नसेल तर उतरू नका, पुन्हा वर जा, हा वैमानिकाच्या शिक्षणातील प्राथमिक पाठ होय. तो पाठ आपण प्रवाशांनीही घ्यावा. पुणे-मुंबईहून येताना मोसमी पावसात चेन्नईवर विमान टेकता टेकता पुन्हा वर झेपावते, तेव्हा आपण घड्याळ पाहून कुरकुरतो. यापुढे कुरकुरू नये. त्या क्षणी कोणीतरी ‘थांबा’ म्हटले आहे आणि कोणीतरी ते ऐकले आहे, एवढे जाणून मनोमन हात जोडावेत. विंग कमांडर साठे, अखिलेश कुमार आणि त्या 19 प्रवाशांना याहून उचित श्रद्धांजली आम्हांस सुचत नाही.