घरचे दप्तर आणि इतिहासाचे मंदिर
(ग्रंथालयाच्या शताब्दी महोत्सवात केलेले भाषण)



शंभर वर्षे ग्रंथ सांभाळणाऱ्या संस्थेच्या उत्सवात इतिहाससंशोधनाच्या संस्था कशा जन्मल्या व वाढल्या, याविषयी चार शब्द बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. तुकोगंजात हा विषय परका वाटू नये. महेश्वरी अहिल्याबाईंच्या दरबारातून पुण्यास गेलेली बातमीपत्रे द. ब. पारसनीसांनी छापली, म्हणूनच त्या दरबाराचा नित्यक्रम आज आपणास वाचता येतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठ्यांच्या इतिहासाची साधने काही सरकारी दप्तरांत बंद होती, तर उरलेली घरोघर विखुरलेली होती. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून ती गोळा केली. १८९८ साली पहिला खंड निघाला. पुढे खंडांची संख्या २२ झाली. परंतु एका व्यक्तीच्या पायपिटीवर असे कार्य किती काळ चालणार? ७ जुलै १९१० रोजी राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. पुढे दत्तो वामन पोतदार, ग. ह. खरे यांच्यासारख्यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. लोक कागदांबरोबर नाणी, चित्रे, ताम्रपट, पोथ्याही देऊ लागले आणि दप्तराशेजारी संग्रहालय उभे राहिले.

एका घरचा कागद काय करू शकतो, याचे एकच उदाहरण देतो. भोर संस्थानातील कारी गावच्या जेधे देशमुखांकडील शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली व १९१६ साली प्रसिद्ध झाली. तीत शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० अशी नोंदलेली आहे. परमानंदाच्या शिवभारतानेही पुढे तीस दुजोरा दिला. आज महाराष्ट्र शासन शिवजयंती त्याच तारखेस साजरी करते. जेधे घराण्याने ती शकावली निरुपयोगी म्हणून टाकून दिली असती, तर?

मतभेदांमुळे राजवाडे मंडळापासून दूर झाले. अखेरची वर्षे धुळ्यास काढून ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते तेथेच निवर्तले. त्यांचा कागदसंग्रह धुळेकरांनी वाऱ्यावर सोडला नाही. भास्कर वामन भट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२७ साली तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापिले. त्याचे ‘संशोधक’ हे नियतकालिक निघाले आणि जुन्या मूर्ती, नाणी, चित्रे यांचा संग्रहही झाला. धुळे आपल्याच मुंबई-आग्रा रस्त्यावरचे गाव. तेथे राजधानी नव्हती, दरबारही नव्हता. होती ती केवळ नागरिकांची आस्था.

इंदूरचे केंद्रीय संग्रहालय हिंगळाजगडच्या शिल्पांनी समृद्ध आहे. पाषाणाची चिंता वाहणारे आहेत. चिंता आहे ती आपल्या माळ्यावरील कागदांची. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळेतून गेली. आजोबांचे अक्षर नातवास वाचता येईना. न वाचता येणारा कागद घर बदलताना प्रथम रद्दीत जातो. वाळवीहून हे अज्ञान अधिक घातक आहे.

म्हणून या ग्रंथालयाकडे माझे एक मागणे आहे. दुसऱ्या शतकाच्या आरंभी एक कपाट घरगुती कागदांसाठी राखावे. आलेला प्रत्येक कागद कोणाच्या घरून, कोणत्या बासनातून आला, याची नोंद ठेवावी. कारण ठावठिकाणा हरवलेला कागद अर्धा मुका होतो. ज्यांना मूळ कागद द्यावयाचा नसेल, त्यांच्याकडून नक्कल घ्यावी. आठवड्यातून एकदा मोडीचा वर्ग चालवावा. सभासदांनीही आपल्या घरची जुनी पेटी रद्दीवाल्यापूर्वी एखाद्या जाणत्यास दाखवावी.

मोठ्या संस्थांचे आरंभ असेच लहान असतात.