पुढची संख्या कोणती?



साहित्याच्या व्यासपीठावर होमिओपॅथीच्या डॉक्टराने गणित काढावे, हा जरा आगाऊपणाच. पण माझी नात सहावीत आहे आणि जोयड्यातला दवाखाना बंद झाला की मी तिचा विद्यार्थी असतो.

परवा तिने आगकाड्यांचे चौकोन एकमेकांना चिकटवून ओळीने मांडले. एकाला 4 काड्या, दोनांना 7, तिनांना 10. मी म्हणालो, "दर वेळी 3 वाढतात." ती म्हणाली, "आजोबा, का ते सांगा." नवा चौकोन जुन्याची एक बाजू वापरतो, म्हणून तीनच नव्या काड्या लागतात. आरंभीची एक काडी धरून नियम झाला: चौकोनांची तिप्पट अधिक एक. शंभर चौकोनांना 301. मांडून बघायला नको.

मग मी तिला वर्तुळ दिले. वर्तुळावर बिंदू घ्यायचे, सगळे एकमेकांना रेषांनी जोडायचे आणि आतले भाग मोजायचे. एका बिंदूला 1 भाग, पुढे 2, 4, 8, 16. सहा बिंदूंना? ती म्हणाली, 32. मोजले तर 31! कसेही काढा, याहून जास्त होत नाहीत.

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर जन्मभर अशा संख्यांशी खेळले. 1949 साली त्यांनी 6174 ची गंमत मांडली. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंकांची मोठ्यात मोठी संख्या करून तीतून लहानात लहान वजा करा आणि हेच पुन्हा करत राहा. त्यांचे जन्मवर्ष 1905 घेऊ: 9351, 8172, 7443, 3996, 6264, 4176, 6174. सात पायऱ्या, याहून जास्त कधीच लागत नाहीत. हे छातीठोक सांगता येते, कारण चार अंकी संख्या मोजक्याच आहेत आणि त्या सगळ्या तपासता येतात. 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिले, तेव्हा कापरेकरांचे नाव जगभर गेले.

म्हणजे नियमाला कारण तरी हवे, नाहीतर संपूर्ण तपासणी तरी.

ते 32 मी दवाखान्यातही लिहिले आहे. एका पावसाळ्यात तापाचे पाच रोगी त्याच पुड्यांनी तीन दिवसांत उठले. सहावा वाडीवरचा तरुण. मी नीट न तपासताच तीच पुडी दिली. चौथ्या दिवशी त्याचे डोळे पिवळे झाले. मोठ्या इस्पितळात पाठवला, वाचला. त्याच्या वडिलांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. म्हणूनच ते अजून बोचते. आणि ते पाच जण पुड्यांनी उठले की आपापले, हे तरी मी कुठे पाहिले होते?

शिक्षक मित्रांनो, मुलांना पुढची संख्या जरूर विचारा. उत्तर बरोबर आले तरी लगेच शाबासकी देऊ नका. आधी विचारा, "का?"